बीटल्स नावाचा एक बँड होता

परवा एका माणसाने मला बीटल्स समजावून सांगितले. मी विचारलं नव्हतं. मी आपला न्यूजर्सीत आमच्या जवळच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात पैसे द्यायला लाइनीत उभा होतो, बाहेर धो धो पाऊस, हातात एक डॉलरवाल्या खोक्यातून काढलेली डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्यांची रेकॉर्ड, बास एवढंच. पण ते काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकतोय.

रेकॉर्ड कुठली ते आधी सांगतो. १९७८ च्या जुलैमध्ये 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' नावाचा सिनेमा आला होता. बीटल्सचा १९६७ चा अल्बम नव्हे, त्याच्या नावावर काढलेला सिनेमा. माझ्या हातात होती ती ह्या सिनेमातल्या गाण्यांची रेकॉर्ड. निर्माता रॉबर्ट स्टिगवूड. ह्या गृहस्थाचं तेव्हा असं होतं की हात लावेल त्याचं सोनं. त्याच्या सॅटर्डे नाइट फीव्हर ह्या सिनेमाची रेकॉर्ड अमेरिकेत सलग २४ आठवडे एक नंबरवर होती, जूनमध्ये त्याचा ग्रीस हा सिनेमा आला तोही धो धो चालला. मग त्याला वाटलं, आता फीव्हरची गाणी गाणारा बी जीज हा बँड आणि रॉक गायक पीटर फ्रॅम्प्टन ह्यांना रंगीत बँडवाल्यांचे कपडे घालू आणि दोन तास बीटल्सची गाणी म्हणायला लावू. सिनेमात कोणी बोलतच नाही. फक्त ८२ वर्षांचे जॉर्ज बर्न्स आजोबा मधूनमधून गोष्ट सांगतात, बाकी सगळं गाण्यातून. सिनेमा पडला. रेकॉर्ड आधी पाचव्या नंबरपर्यंत चढली आणि मग दुकानांतून एवढी परत आली की धंद्यातले लोक म्हणायला लागले, प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख, गेली आणि डबल प्लॅटिनम परत आली. तेव्हापासून ती जगभरच्या एक डॉलरवाल्या खोक्यांत पडून आहे. मला ती लहानपणी एका मामेभावाच्या कॅसेटवर अर्धीमुर्धी ऐकलेली आठवत होती, आता पूर्ण ऐकू म्हटलं. गुन्हा आहे का हा?

तर काउंटरवरच्या पोराने रेकॉर्ड हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "घड्याळ बनवणार का?"

मला कळलंच नाही. मग त्याने सांगितलं की लोक जुन्या तबकड्यांची भिंतीवरची घड्याळं बनवतात, मध्ये भोक आयतंच असतं, आणि ह्या रेकॉर्डला त्या कामासाठी चांगली मागणी आहे. मी म्हटलं, नाही, ऐकायला घेतोय. त्याने "ओह" म्हटलं. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसलं "ओह".

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "मुद्दाम?"

मागे वळून बघतो तर एक पांढऱ्या पोनीटेलवाले आजोबा, अंगात कुठल्याशा बँडच्या टूरचा टीशर्ट, पोटावर टूरच्या तारखा ताणल्या गेलेल्या. खांद्यावरून वाकून माझी रेकॉर्ड बघत होते. मी म्हटलं, हो, मुद्दाम. आजोबांनी एक मोठा श्वास घेतला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, परक्या गावात पत्ता विचारणाऱ्याला सांगतात तसं मला सांगितलं, "हे ओरिजिनल नाहीये. आधी, बीटल्स, नावाचा, एक बँड होता."

मी म्हटलं, माहितीये.

"इंग्लंडचा," आजोबा म्हणाले.

आता ह्यावर माणूस काय बोलणार? मी मान हलवली, ती त्यांना पुढे चालू ठेवायची परवानगी वाटली. त्यांनी मग सगळी हकिगत सुरू केली. १९७८ साली ते सोळा वर्षांचे होते, गवत कापून पैसे जमवले, ही रेकॉर्ड घेतली, घरी नेऊन लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभे राहिले. दुकानदारीण म्हणाली, परत करायचं कारण? हे म्हणाले, "ऐकली." तिने मुकाट्याने पैसे काढून दिले. एवढं सांगून आजोबा स्वतःच इतके हसले की खोकला आला, काउंटरवरच्या पोराने पाणी दिलं, आणि मी ओल्या जॅकेटमध्ये तसाच उभा, क्रेडिट कार्ड पुढे धरून.

मग आजोबांच्या डोक्यात आलं की ही तीच कॉपी असू शकते. म्हणजे त्यांनी परत केलेली. म्हणाले, माझ्या बहिणीने एका रात्रीत फ्रॅम्प्टनच्या फोटोभोवती पेनाने बदाम काढला होता, दुकानदारणीला तो दिसला नाही, बघू जरा. आणि माझ्या हातातून, म्हणजे अजून माझी न झालेली पण होऊ घातलेली रेकॉर्ड घेऊन, कव्हर उघडून, चष्मा कपाळावर चढवून तपासायला लागले. मागे लाइन वाढलेली. एक बाई "एक्सक्यूज मी" म्हणाल्या तर आजोबा म्हणतात, एक मिनिट, हे महत्त्वाचं आहे. बदाम नव्हता. आजोबांचा चेहरा एवढा पडला की मलाच वाईट वाटलं, आणि मग माझाच राग आला, की हा माणूस माझी अक्कल काढतोय आणि मी ह्याचं सांत्वन करायला निघालोय.

इथवर ठीक होतं हो. हसण्यावारी नेलं असतं. पण रेकॉर्ड परत देताना ते म्हणाले, "आणि तुमच्याकडचं ते सितारवालं गाणं तर ह्यात घेतलंच नाहीये. म्हणजे तुझ्यासाठी ह्यात काहीच नाही."

तुझ्यासाठी! म्हणजे बाकीची सगळी ह्यांची आणि एक सितारवालं माझं. बरं, माहिती शंभर टक्के खरी. मूळ अल्बममधलं 'विदिन यू विदाउट यू' सिनेमात नाही, 'लव्हली रीटा' पण नाही. पण मग मीही सांगतो. ते गाणं १९६७ च्या मार्चमध्ये लंडनला रेकॉर्ड झालं तेव्हा जॉर्ज हॅरिसन सोडला तर बाकी तिघं बीटल्स त्यात वाजवतच नव्हते. वाजवत होते लंडनमध्ये राहणारे आपले लोक. तबल्यावर नटवर सोनी, दिलरुब्यावर अमृत गज्जर आणि अण्णा जोशी. अण्णा जोशी! जगातल्या सगळ्यात गाजलेल्या रॉक अल्बमवर एक अण्णा जोशी दिलरुबा वाजवतायत आणि कव्हरवर त्यांचं नाव नाही. कव्हरच्या चित्रात बॉक्सरपासून बाबाजींपर्यंत कोणकोण उभे केलेत, पण वाजवणाऱ्या जोशींना एक ओळ नाही. पन्नास वर्षांनी कुठे ही नावं लोकांपुढे आली. हे सगळं मला येत होतं, तोंडावर होतं, आणि मी काय म्हणालो तर "इंटरेस्टिंग". आपण ना, बाहेर फार सभ्य असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून गळा धरू, पण गोऱ्या आजोबांनी बीटल्स शिकवले तर इंटरेस्टिंग.

वर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ह्याचे पैसे नकोत, असंच घेऊन जा. का तर म्हणे ह्याचे पैसे घ्यायला बरं वाटत नाही. आणि पाऊस होता म्हणून पिशवी मागितली तर न्यूजर्सीत २०२२ पासून प्लॅस्टिक बंद, कापडी घ्या, दोन डॉलर. ते घ्यायला मात्र बरं वाटलं. पिशवीवर छापलंय, 'फक्त चांगलं संगीत'.

असो. घरी येऊन लावली.

आता खरं सांगू का, बराचसा भाग भयंकर आहे. 'शीज लीव्हिंग होम' हे घर सोडून गेलेल्या मुलीचं गाणं, आईबापांचा जीव तुटतो त्यात, ते इथे रोबोट गातात. म्हणजे यंत्रातून काढलेले आवाज. बायको आतून ओरडली की मायक्रोवेव्ह बघ, काहीतरी झालंय. स्टीव्ह मार्टिन वेडा डॉक्टर होऊन 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' असं गातो की शेजाऱ्यांनी पोलीस बोलवावेत. आणि ह्या सगळ्यावर निर्माता म्हणून नाव कोणाचं, तर जॉर्ज मार्टिन, बीटल्सच्या मूळ रेकॉर्ड्स केलेला तोच माणूस. त्याने हे का केलं असेल ह्याचा विचार करत मी दुसरी बाजू लावली.

पण मग 'अर्थ, विंड अँड फायर' ह्या बँडचं 'गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ' लागतं आणि भाऊ, उठून बसायला होतं. ते ब्रास, म्हणजे ट्रंपेट वगैरे पितळी वाद्यं! बँडच्या मॉरिस व्हाइटला त्या अरेंजमेंटसाठी ग्रॅमी मिळालं, गाणं बिलबोर्डच्या पहिल्या दहात गेलं, आणि ते बीटल्सची नक्कल करतच नाहीत, सरळ स्वतःचं करून टाकतात. एरोस्मिथ ह्या रॉक बँडचं 'कम टुगेदर' तसंच, मळकट, चिकट, मस्त. बी जीजमधला रॉबिन गिब 'ओह डार्लिंग' गातो तेव्हा गळा चिरतो की काय असं वाटतं. आणि शेवटी 'गेट बॅक'ला बिली प्रेस्टन. सिनेमात तो सोन्याचा वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा पुतळा असतो आणि जिवंत होऊन बोटांतून विजा सोडत मेलेल्या नायिकेला उठवतो, ते जाऊ द्या. पण १९६९ च्या मूळ 'गेट बॅक'वर इलेक्ट्रिक पियानोवाला हाच होता, रेकॉर्डवर नाव आहे त्याचं. म्हणजे आजोबा, हे घ्या तुमचं ओरिजिनल.

मला तर हा सगळा प्रकार गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासारखा वाटला. चकचकीत कोट घातलेला व्हॉइस ऑफ किशोर, त्याच्या मागे व्हॉइस ऑफ मुकेश, मध्येच मिमिक्रीवाला, दोन गाणी अशी की कान झाकावेत आणि एक असं की सगळी गल्ली थांबते. तिथे कोणी खांद्यावरून वाकून सांगत नाही की आधी किशोरकुमार नावाचा एक गायक होता, खांडव्याचा. लोक शिट्ट्या मारतात, फर्माईश करतात, वडे खातात. ह्या सिनेमाची चूक एवढीच की त्याने हॉलिवूडचे पैसे लावले आणि स्वतःला सिनेमा म्हणवून घेतलं. मांडव घातला असता तर कोणी तक्रार केली नसती.

ह्याच जोशात मी आमच्या महाराष्ट्र मंडळाला मेल केली की यंदा गणपतीच्या कार्यक्रमात 'गॉट टू गेट यू' म्हणतो, ब्रासचा ट्रॅक मिळतो. उत्तर आलंय. इंग्रजी गाणं कार्यक्रमाच्या स्वरूपात बसत नाही, किशोर असेल तर विचार करू, पण किशोरला आधीच चौघं आहेत. ऑडिशनची फी वीस डॉलर, आणि ती कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.