हजार सेकंद चाललं, उडालं नाही

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पुन्हा तोच फॉरवर्ड टाकलाय: 'भारताने स्क्रॅमजेट १००० सेकंद उडवलं, अमेरिका-चीन मागे पडले, मुंबईहून कराची ५ मिनिटांत, कुठल्याच रडारला दिसत नाही!' खाली तिरंग्यांची रांग.

काका, गडबड 'उडवलं'मध्येच आहे. स्क्रॅमजेट म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने आत घुसणाऱ्या हवेत इंधन जाळणारं इंजिन. २५ एप्रिल २०२५ ला हैदराबादेत डीआरडीओच्या प्रयोगशाळेने स्क्रॅमजेटचा दहनकक्ष हजार सेकंदांहून जास्त चालवला, पण जमिनीवर. तोही लहान आकाराचा. हजार सेकंद म्हणजे दादरहून धीम्या लोकलने सीएसएमटी गाठायला साधारण लागतो तेवढा वेळ. तेवढा वेळ ध्वनीपेक्षा वेगाने हवा आत घुसतेय, इंधनाला तिच्यात मिसळून पेटायला जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग मिळतोय, आणि भिंती वितळू नयेत म्हणून तेच इंधन जळण्याआधी भिंतींमधून फिरवून उष्णता शोषून घ्यायची. त्याच जानेवारीत हे १२० सेकंद जमलं होतं. कौतुक करायचं तर या उडीचं करा की! आकाशातलं विचाराल, तर सप्टेंबर २०२० मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावरून एचएसटीडीव्ही हे आपलं स्क्रॅमजेटचं चाचणी-यान झेपावलं होतं. मॅक ६, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेग, वीसेक सेकंद.

अमेरिकेच्या एक्स-५१ या चाचणी-यानाचं स्क्रॅमजेट २०१३ मध्येच हवेत साडेतीन मिनिटं चाललंय. चीनने २०१९ च्या संचलनात मिरवलेलं डीएफ-१७ क्षेपणास्त्र वेगळ्या जातीचं: रॉकेटने वर फेकायचं, पुढे इंजिनाविना तरंगत जायचं. त्याची आणि स्क्रॅमजेटची तुलनाच होत नाही.

कराचीचा हिशेब मी घाटकोपर येईपर्यंत मोबाईलवर केला. सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटर. ३० किलोमीटर उंचीवर मॅक ६ म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ किलोमीटर. आठ मिनिटं झाली. आठही भीतीदायकच आहेत, मग पाच कशाला?

रडारचं म्हणाल, तर ३० किलोमीटर उंचीवरची वस्तू पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीवरच्या रडारला सहाशे-सातशे किलोमीटरवर आल्यावरच दिसते. उंच चढणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र त्याच्या कितीतरी आधी दिसतं. म्हणजे इशारा उशिरा मिळतो. अदृश्य वगैरे काही नाही. उलट हवेच्या घर्षणाने स्क्रॅमजेटवालं क्षेपणास्त्र इतकं तापतं की उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरला ठळक दिसतं. रशियाचं किंझाल क्षेपणास्त्र तर ध्वनीच्या दहापट वेगाचं म्हणून मिरवलं जायचं (त्यात स्क्रॅमजेट नाही, ते विमानातून सोडलेलं बॅलिस्टिक). मे २०२३ मध्ये कीव्हवर अमेरिकी बनावटीच्या पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने ते पाडलं.

तिरंगे राहू द्यात, काका. फक्त 'उडवलं' खोडून 'चालवलं' करा.