जसे आहे तसे, जेथे आहे तेथे

परवा मंडणगडच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने गाडीपुढे हात आडवा धरला, आणि माझे दोन तास गेले.

चूक गाडीची. लिलावात घेतलेली सरकारी जीप. पांढरा रंग नव्याने मारून घेतलाय, तरी ऊन तिरपं पडलं की दारावर 'महाराष्ट्र शासन' पुन्हा उगवतं, भिंतीतल्या पिंपळासारखं.

"आलाव एकदाचे," म्हणत म्हातारा शेजारी बसलासुद्धा. ते दार ओढायला मला दोन्ही हात लागतात. त्याने एका झटक्यात उघडलं. सवय असणार.

"आजोबा, मी सरकारी माणूस नाही हो."

"आदीचे सायेब पन ह्याच बोल्ले. चला, पोफळी दाखवतो."

आता ही जीप. पंधरा वर्षं भरलेली सरकारी गाडी १ एप्रिल २०२३ पासून थेट भंगारात जाते. ही दोन वर्षं आधीच निर्लेखित झाली, म्हणजे सरकारी वहीतून बाद झाली, म्हणून वाचली. ती वाचली, मी नाही. लिलावाची अट एकच: 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे'. बघायला गेलो तेव्हा स्टेपनी होती, जॅक होता, बॅटरीही होती. पैसे भरून ताबा घ्यायला गेलो तर तिन्ही गायब. लिपिकाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तेव्हा तशी होती, आता अशी आहे." चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली तर निम्मे आकडे खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले. पायाखालच्या पत्र्यातून रस्ता दिसतो. आणि सरकारी गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ने विम्याची सक्तीच नसल्यामुळे हिचा विमा जन्मात कुणी उतरवलेला नव्हता. विमा एजंट आधीची पॉलिसी मागत बसला. असो.

तर पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या. वाडीत बुंध्यांचे खुंट तेवढे उरलेत. म्हातारा काठीने एकेक खुंट ठोकत पुढे, मी मागे. आजींनी कोकम सरबत दिलं, वर प्लास्टिकच्या पिशवीतल्या, भरपाईच्या अर्जांच्या झेरॉक्सचा मोठा गट्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"लिवा."

मी पेट्रोलच्या पावतीमागे लिहिलं. हो, लिहिलं. माझाही नाइलाज. बेचाळीस.

"त्रेचाळीस. इहिरीकडचा राह्यला." परत गेलो.

नवी पोफळ फळ धरायला पाच-सात वर्षं घेते. ह्याने लावलेली आता कुठे डोकं वर काढतायत, आणि हा अजून जुन्यांची मोजणी करून देतोय. ज्यांनी यायचं ते नव्या गाड्यांतून, काचा वर करून जातात. हात दाखवल्यावर थांबते ती माझी, कारण तिचा ब्रेक मी कधीही आधीपासूनच दाबत असतो.

निघताना गाडी सुरू होईना. आजोबांनी वाडीतून चार पोरं बोलावली. "सरकारी गाडी ढकलायची आमाला सवय हाय," एक पोरगा म्हणाला. इंजिन धरलं तसा म्हातारा खिडकीशी धावत आला.

"पोच द्या."

"कसली पोच?"

"मोजनी केलाव ना? मंग पोच?"

दिली. पावतीचा तुकडा फाडून 'त्रेचाळीस' लिहिलं, खाली सही केली. त्याने तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्का नाय?" म्हणाला, आणि पोरांकडे वळून, "ह्यो बी तसलाच."