ओहाताचे 69 म्हणजे 69च

काल सकाळी रामबागेत ताईकडे पोहे-जिलबी चालू होती आणि भाच्याशी माझं चांगलंच वाजलं. विषय रग्बी. तो हल्ली दिवसभर मोबाइलवर तेच पाहून राहिलाय, आकडे सगळे तोंडपाठ. न्यूझीलंडचा डॅन कार्टर, 112 टेस्ट (म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅच), 1598 पॉइंट, जगात सगळ्यात जास्त. मान्य, शंभर टक्के मान्य. मग मी विचारलं, ट्राय, म्हणजे बॉल समोरच्यांच्या लाइनपलीकडे नेऊन टेकवणं, सगळ्यात जास्त कोणाचे? तर म्हणतो, "मामा, तसा जपानचा ओहाता आहे, पण तो धरत नाहीत. हलक्या टीमांना धुतलंय त्याने. खरा नंबर वन साउथ आफ्रिकेचा हबाना."

धरत नाहीत म्हणजे काय रे बाबा?

दाइसुके ओहाता, 58 टेस्टमध्ये 69 ट्राय. ब्रायन हबाना, 124 टेस्टमध्ये 67. ऑस्ट्रेलियाचा कॅम्पिसी, 101 मध्ये 64. हबाना मलाही जाम आवडतो, 2007 च्या एकाच वर्ल्डकपमध्ये 8 ट्राय मारले त्याने, त्याच्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण ओहाताचं नाव निघालं की प्रत्येक जण लगेच "पण" लावतो, तो "पण" मला खुपतो.

हो, 2002 मध्ये चायनीज तैपेई म्हणजे तैवानविरुद्ध एका मॅचमध्ये 8 ट्राय मारले त्याने. तैपेई कच्ची टीम होती, कबूल. आता दुसरी मॅच घ्या. 1995 चा वर्ल्डकप, न्यूझीलंड 145, जपान 17. सायमन कलहेनची पहिलीच टेस्ट, 20 कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक, 2 पॉइंट) आणि एक ट्राय, एकट्याचे 45 पॉइंट. मार्क एलिसचे 6 ट्राय. हे दोन्ही वर्ल्डकपचे रेकॉर्ड म्हणून आजही मानाने सांगतात आणि समोर कोण होतं हे कोणी विचारत नाही. समोर जपानच होता ना! म्हणजे मोठ्या टीमने जपानला धुतलं की रेकॉर्ड, आणि जपानच्या पोराने दुसऱ्याला धुतलं की ते धरायचं नाही? आणि समोर कोण येणार हे काय ओहाता ठरवत होता? मोठे देश आपसात खेळायचे, जपानच्या वाट्याला ज्या टीम आल्या त्यांच्याशी तो खेळला आणि दर वेळी लाइन ओलांडून आला.

इंदूरवाल्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको. 8 डिसेंबर 2011, होळकर स्टेडियम, सेहवागचे 149 बॉलमध्ये 219. मी तिथे होतो, घसा दोन दिवस बसलेला. तेव्हाही लोक म्हणालेच, बाउंड्री लहान, वेस्ट इंडीजमध्ये दम नाही. म्हणून आपण 219 चे 180 केले का? तेव्हा हाच भाचा सात वर्षांचा होता आणि त्याने भिंतीवर खडूने 219 लिहिलं होतं.

आणि ट्राय म्हणजे नुसतं पळत लाइनच्या पलीकडे जाणं नाही, बॉल हाताने जमिनीवर दाबावा लागतो, तेव्हा कुठे 5 पॉइंट. अंगावर दोन-तीन धिप्पाड माणसं लोंबकळत असताना. कबड्डीत चढाईवरून परतताना मधल्या रेषेसाठी हात कसा ताणतो आपण, तसंच, फक्त इथे काखेत बॉल आहे. कार्टरच्या 1598 मध्ये ट्राय फक्त 29, बाकी सगळी पायाची कमाई, कारण तो टीमचा किकर. ती कला वेगळी, थंड डोक्याची. पण म्हणूनच ट्रायची यादी वेगळी असते आणि तिच्यात वरचं नाव ओहाताचं आहे, बस.

भाचा काही बोलला नाही. जिलबी संपल्यावर मे 2006 चा व्हिडिओ त्याने स्वतःच शोधला, जपान विरुद्ध जॉर्जिया, ज्यात तीन ट्राय मारून ओहाता 65 वर गेला आणि कॅम्पिसी मागे पडला. दोघांनी मान जोडून पाहिला. मग तो त्याचा लांबुडका बॉल घेऊन गल्लीत गेला, टप्पा कुठे पडेल आणि कुठे उडेल काही भरवसा नाही त्या बॉलचा, आणि समोरच्यांच्या ओट्यापाशी जाऊन त्याने पोटावर पडत तो दोन्ही हातांनी दाबला. कोपर सोलून आला. ताई मला ओरडली.