पत्रा म्हणजे चैन नव्हे

हातात रोख पैसे दिले की गरीब शेतकरी ते दारूत उडवतो, ही भीती गरिबांना रोख मदत देण्यावरच्या लेखात पुन्हा आलीच. पश्चिम केनियात ‘गिव्हडायरेक्टली’ या गरिबांना थेट रोख पैसे देणाऱ्या संस्थेने दिलेल्या मदतीवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. लोकांनी गुरं घेतली, छपरावर पत्रे घातले. गवताचं छप्पर सारखं शाकारावं लागतं, गळतं ते वेगळंच. पत्रे घातले की तो खर्च एकदाचा सुटतो. शिवाय गाठीला पैसा असला की बियाणं खायची पाळी येत नाही. वाद घालायचाच तर एकरकमी की हप्त्याने, यावर घाला. तिथे महिन्याच्या हप्त्यांनी ताटातलं अन्न वाढलं, एकरकमी पैसे टिकाऊ वस्तूंत गेले. मला दोन्ही रास्त वाटतं, निवड त्या घराची हवी.