‘ऊन फुकट, मग हिशेब कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

आधी चूक कबूल करतो. सौर प्रकल्पाला आयकरात ८०% घसारा मिळतो असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. १ एप्रिल २०१७ पासून तो ४०% आहे. जुना आकडा हाताच्या सवयीने पडला. दुरुस्त केलाय, आभार.

पण मी सौर वीज कंपनीत फायनान्शियल कंट्रोलर, म्हणजे पैशांचा सगळा हिशेब सांभाळणारा, आणि त्याच दमात तुम्ही लिहिता, "ऊन फुकट, मग हिशेब कसला? महिन्याला एक बिल फाडायचं, त्याला फायनान्शियल कंट्रोलर कशाला? सीए लोकांना मिरवायची हौस." चूक दाखवायची तर दाखवा की हो, माझी हौस कशाला काढता?

सोलापुरात राहून उन्हाला फुकट म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. ते त्याहून तापलं की प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४% वीज कमी निघते. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसवर, आणि पॅनल तर हात लावू देत नाही. वर धुळीचा थर. तो धुवायला पाणी टँकरचं, आणि मे महिन्यात टँकर काय भावाने येतो ते शेजारीपाजारी विचारा. पुढे पावसाळ्यात आभाळ भरलं की युनिट पडतात, बँकेचा हप्ता पडत नाही.

आता ते ‘एक बिल’. १ तारखेला सबस्टेशनवर संयुक्त मीटर रीडिंग असतं. आमची आणि वीज घेणाऱ्या कंपनीची, दोन्हीकडची माणसं उभी, पडद्यावर ऊन चमकतं म्हणून एकजण हाताचा आडोसा धरतो, दुसरा आकडा ओरडतो, तिसरा पत्रकावर लिहितो. त्या आकड्याला एमएफने (मीटरच्या ठरलेल्या गुणकाने) गुणायचं, की खरे युनिट निघतात, मग बिल. दोन वर्षांपूर्वी आमच्या पत्रकात आयात-निर्यातीचे, म्हणजे घेतलेल्या आणि दिलेल्या विजेचे, रकाने उलटे भरले गेले. (रात्री प्लांटही वीज घेतो, बरं का. तेव्हा फुकटचं ऊन नसतं.) बिल परत आलं, पैसे सव्वा महिना लटकले. बँकेने हप्त्यांसाठी बाजूला ठेवायला लावलेल्या डीएसआरए खात्याला हात लागू नये म्हणून मी तीन आठवडे फोनला चिकटून होतो. मुलीचा दहावीचा निकाल मला व्हॉट्सॲपवर कळला. हौस म्हणता?

माझे वडील यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होते. टॉवेलचा एक डझन जुळला नाही तर रात्री जेवायला बसत नसत. त्यांच्या शेजारी बसून मी हिशेब शिकलो आणि सतरा वर्षं तेच करतोय. मिरवायचंच असतं तर केव्हाच पुण्याला गेलो असतो.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा, की शेतकऱ्यांच्या जमिनीचं भाडं उशिरा जातं आणि ती सही कंट्रोलरच्याच टेबलावर अडकते. तो वेगळा विषय आहे, कंपनीगणिक पद्धत वेगळी, इथे त्याचा काथ्याकूट नको. चौथा माझ्या पगाराबद्दल आहे. तो मी वाचलेला नाही.

उद्या १ तारीख, रीडिंगला मी स्वतः जाणार आहे. यायचं असेल तर नाव कळवा आणि या. टोपी आणा.