पिवळ्या ज्योतीने सिलिंडर दीडपट पुरत नाही

कोकणातल्या कौटुंबिक गटांवर सध्या एक सल्ला फिरतो आहे: शेगडीखालची हवेची पट्टी बंद करा, जेटचे (ज्या बारीक तोंडातून गॅस बर्नरकडे सुटतो त्याचे) आणि बर्नरचे भोक थोडे मोठे करा, भोवती पत्र्याचे कडे बसवा, ज्योत लांब व पिवळी झाली की जास्त तापते आणि सिलिंडर दीडपट पुरतो. मालवणला माझ्या मावशीकडे हा प्रयोग झालेला मी पाहिला आहे.

पिवळ्या ज्योतीविषयीचा दावा मुळातच उलटा आहे. तो रंग जास्त उष्णतेचा नसून, न जळलेल्या कार्बनचे बारीक कण तापून चमकत असल्याची खूण आहे. मावशीच्या पेजेच्या टोपाचे बूड चार दिवसांत काळे झाले होते आणि बोट फिरवले की मऊ काजळी हाताला येत होती. पैसे मोजून घेतलेले इंधनच ते, न जळता टोपाला चिकटलेले. त्याहून गंभीर म्हणजे अशा अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि पावसाच्या झडीमुळे खिडक्या लावून घेतलेल्या स्वयंपाकघरात रंग-वास नसलेला हा वायू जिवावर बेतू शकतो.

हवा बंद करण्याच्या सल्ल्याचेही तेच. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. आकारमानाने एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१. जेटमधून वेगाने सुटणारा गॅस यातली काही हवा नळीत स्वतःबरोबर ओढून घेतो, उरलेली ज्योतीच्या भोवतालून मिळते. १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या बर्नरचे मर्म हेच होते, आणि आपली शेगडी त्याच कुळातली आहे.

जेटचा व्यास दहा टक्के वाढला की भोकाचे क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, म्हणजे त्याच दाबाने जवळपास तितकाच जास्त गॅस बाहेर पडतो. शिवाय जेट जितके रुंद, तितकी गॅसच्या प्रमाणात ओढली जाणारी हवा कमी. बर्नरची भोके मोठी केली तर मिश्रणाचा वेग मंदावतो आणि ज्योत भप्पकन आत शिरून जेटपाशी पेटू शकते.

कड्याच्या सल्ल्यात मात्र थोडे तथ्य आहे. खाऱ्या वाऱ्याची झुळूक ज्योत हलवते तिथे आडोसा उपयोगी पडतो. पण कडे बर्नरला घट्ट बसले की भोवतालची हवाच अडते.

आता दीडपटीचा हिशेब. भारतीय मानक ४२४६ नुसार घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे गॅसमधल्या उष्णतेपैकी टोपात उतरणारा वाटा, किमान ६८ टक्के असावी लागते. तेवढाच स्वयंपाक करून १४.२ किलोचा सिलिंडर दीडपट पुरवायचा, तर ही कार्यक्षमता १०२ टक्क्यांवर जायला हवी, म्हणजे गॅसमध्ये आहे त्याहून जास्त उष्णता टोपात उतरायला हवी. ते अशक्य आहे. वाया जाणारी उष्णता बहुतांशी टोपाच्या कडेने निसटते, त्यामुळे रुंद बुडाचा टोप, वर झाकण आणि टोपाबाहेर न जाणारी ज्योत यांनीच खरी बचत होते.

मावशीच्या शेगडीला आम्ही मूळ मापाचे नवे जेट बसवून घेतले, पट्टी उघडली, उतू गेलेल्या पेजेने बुजलेली बर्नरची भोके बारीक तारेने, रुंद न करता, मोकळी केली आणि बर्नर धुऊन पूर्ण वाळवला. त्याच संध्याकाळी ज्योत निळी आणि आखूड झाली.