शर्यतीला येताना घड्याळ घरी ठेवा

माझी मुलगी सातवीत आहे आणि गेल्या दोन वर्षांपासून शाळेच्या संघातून क्रॉस कंट्री धावते. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पाचवी-सहावीतल्या काही मुलांच्या पालकांनी मला विचारले, की या खेळात मुलांना घालावे का, किती पळवतात, अभ्यासाचे काय होते आणि 'टायमिंग' किती यायला हवे. शेवटचा प्रश्न प्रत्येकानेच विचारला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

क्रॉस कंट्रीत वेळेला फारसा अर्थ नसतो. प्रमाणित ट्रॅक कुठल्याही गावातला असला तरी ४०० मीटरचाच असतो, त्यामुळे तिथल्या वेळांची तुलना करता येते. क्रॉस कंट्रीचा मार्ग मात्र गवतातून, मातीतून, चढउतारांवरून जातो आणि दर ठिकाणी वेगळा असतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाकडे जाणाऱ्या चढावर जुलैच्या लाल चिखलात माझ्या मुलीला ज्या अंतराला १२ मिनिटे लागली, तेच अंतर डिसेंबरच्या कोरड्या मातीवर तिने साडेदहा मिनिटांत कापले. त्या दीड मिनिटात तिची प्रगती किती आणि मातीची मेहेरबानी किती, हे कोणीही सांगू शकणार नाही. तरीही शर्यत संपताच मोबाइल पुढे करून 'मागच्या वेळेपेक्षा जास्त लागला' असे धापा टाकणाऱ्या मुलाला ऐकवणारे पालक मी दर स्पर्धेत पाहते, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

मी स्वतः याहून मोठी चूक केली आहे. तिच्या पहिल्याच स्पर्धेत मी पहिल्या वळणावर उभी राहून 'पुढे जा, तिला गाठ' असे ओरडत होते. तिने माझे ऐकले. सुरुवातीच्या सपाट भागात ती जीव खाऊन पळाली, आणि चढ सुरू होताच बरगडीखाली कळ येऊन, हाताने कूस दाबत, चालू लागली. तिच्या सरांनी महिनाभर तिला एकच गोष्ट शिकवली होती, की पहिला टप्पा राखून पळायचा आणि चढावर लहान पावले टाकायची. माझ्या एका हाकेने ती शिकवण वाया गेली. या वयाच्या मुलांना वेग असतो, पण तो कुठे आणि किती खर्च करायचा याचा अंदाज नसतो, आणि तो अंदाज येणे हेच या वर्षांतले खरे शिक्षण आहे. सरावातले बहुतेक धावणे शेजारच्या मैत्रिणीशी बोलता येईल इतक्या संथ गतीचे असावे. ते पाहून 'सर मुलांना पळवतच नाहीत' अशी तक्रार कृपया कोणी घेऊन जाऊ नये.

दुसरी गोष्ट संघाची. हा एकट्याने धावण्याचा खेळ दिसतो, पण त्यात संघाचा निकाल ठरवण्याची रीत फार सुंदर आहे. धावपटू ज्या क्रमांकाने येतात त्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. अमेरिकेतल्या शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांपासूनच हा खेळ रुजलेला आहे, आणि तिथे साधारणपणे संघातून सात जण धावतात व पहिल्या पाच जणांचे क्रमांक धरतात. समजा, एका शाळेच्या मुली १, १८, २५, ४० आणि ५२ या क्रमांकांवर आल्या. बेरीज १३६ झाली. दुसऱ्या शाळेच्या मुली ४, ९, १२, २० आणि ३१ व्या आल्या, बेरीज ७६. म्हणजे शर्यत जिंकणारी मुलगी पहिल्या शाळेची, पण करंडक दुसऱ्या शाळेचा. किती जणांचे क्रमांक धरायचे हे स्पर्धेप्रमाणे बदलते, तत्त्व मात्र हेच राहते. त्यामुळे ३२ व्या क्रमांकावर धावणाऱ्या मुलीने शेवटच्या शंभर मीटरमध्ये एकीला मागे टाकले, तर तो एक गुण पूर्ण संघाचा असतो. 'आमची काही पहिल्या दहात येणार नाही, मग कशाला वेळ घालवायचा' असे म्हणणाऱ्या आईबाबांनी हे गणित एकदा मुलांबरोबर बसून मांडावे.

आता शरीराविषयी, कारण याबाबत मला सर्वांत जास्त कळकळ आहे. ११ ते १४ ही वाढीची वर्षे आहेत. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, आणि या काळात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या नाजूक असतात. मागच्या पावसाळ्यात माझी मुलगी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावले टाच न टेकता चालायची. सासूबाई म्हणाल्या, अंग वाढते आहे, तेल चोळ. मी बूट लहान झाले असतील असे समजून नवे आणले. तीन आठवड्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी तिची टाच दोन्ही बाजूंनी बोटांत धरून हलकेच दाबली आणि ती कळवळली. टाचेच्या हाडाच्या वाढीच्या पट्टीवर ताण येऊन हे दुखणे होते, त्याला सीव्हर्स म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखते, तोही असाच प्रकार. दोन्ही दुखणी विश्रांतीने, पोटऱ्या-मांड्यांच्या ताणाच्या व्यायामाने आणि धावणे काही काळ कमी केल्याने बरी होतात, पण त्यासाठी आधी मुलाने सांगावे लागते आणि आपण ऐकावे लागते. लंगडत धावणाऱ्या मुलाला 'सवय होईल' म्हणू नका. एकाच ठिकाणी नेमके बोट ठेवून दाखवता येणारे, रोज वाढत जाणारे दुखणे डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

मुलींच्या पालकांसाठी आणखी थोडे. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर बदलते, वजन वाढते, आणि अकराव्या वर्षी सहज पुढे असणारी मुलगी वर्ष-दोन वर्षे मागे पडल्यासारखी वाटू शकते. हे नैसर्गिक आहे. अशा वेळी तिचे जेवण कमी करणे किंवा वजनावरून बोलणे हे नुसते चूक नाही, घातक आहे. पाळी सुरू झाल्यावर लोह कमी पडण्याची शक्यता वाढते. सतत थकवा, चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप दिसली तर रक्त तपासून घ्यावे. घरात पालेभाजी आणि कडधान्ये असतातच, त्यावर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करावा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. सकाळच्या सरावाआधी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरतो. झोप मात्र नऊ तास हवी, आणि क्लास, शाळा, सराव असा दिवस असताना ती मिळवून देणे हे पालकांचेच काम आहे.

घाई का करू नये, याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लष्करात गेल्यावर, वयाच्या विशीत, २०१५ मध्ये क्रॉस कंट्रीत उतरले. तिथून ते स्टीपलचेसकडे, म्हणजे ट्रॅकवर अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे वळले, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. बाराव्या वर्षी कोणाचेही टायमिंग पाहून पुढचे सांगता येत नाही.

उकाड्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात क्रॉस कंट्रीची शर्यत घेतली गेली, ३८ धावपटूंपैकी १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले, आणि त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमध्ये परतला नाही. ते तर जगातले निवडक धावपटू होते. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, आणि ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या दमट हवेत तो वाळतही नाही. साडेदहा वाजता शर्यत सुरू करणाऱ्या आयोजकांना पालकांनी एकत्र येऊन विचारायला हवे. मी एकटीने विचारले होते, तेव्हा कोणी दाद दिली नाही. आणि येऊरच्या जंगलात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा पहाटे मुलांना एकटे सोडू नये, उपवन तलावाभोवतीचा रस्ता सरावाला पुरेसा आहे.

शेवटची विनंती थांबण्याची. मागच्या स्पर्धेत आमच्या शाळेच्या चार मुली येऊन गेल्या होत्या आणि त्यांचे पालक बाटल्या, टॉवेल गोळा करून पार्किंगकडे निघाले होते. पाचवी मुलगी अजून चढावर होती, दोरीपाशी आम्ही तिघेच उरलो होतो. तिचे नाव घेऊन हाक मारली तशी तिने मान वर केली, पुढच्या दोघींना उतारावर मागे टाकले, आणि त्या दोन गुणांनी आमचा संघ तिसरा आला. निकाल पुकारला तेव्हा तिचे आईवडील कामावर होते. बक्षीस घेताना चिखलाने भरलेले तिचे पाय मी मोबाइलवर टिपले आणि फोटो तिच्या आईला पाठवला.